सरगुंड्यांचं दुकान, प्रताप नगर

मुक्काम नागपूर,
गुरुवार, १७ मे १९८४

तीर्थरूप सौ. आक्का हिला धाकटा भाऊ दिगंबर याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याइतकी इथली फरशी थंड नाही, तेव्हा लॉजच्या कॉटवर बसूनच घातला आहे, तो गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? भालूने स्वतःची सायकल दुरुस्त करून आणली, की अजून माझीच दामटतोय? सगळ्यांची खुशाली सविस्तर कळव, असं लिहिणार होतो, पण लॉजचा पत्ता मी मुद्दामच देत नाही. पत्ता दिला की तू तार करशील, तार आली की इथले मॅनेजर ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील, आणि दिगूने उन्हात हिंडू नये, पोट सांभाळावं, हे अख्ख्या नागपूरला कळेल. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे.

मी खुशाल आहे. म्हणजे पोट खुशाल आहे, ताप नाही, फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले आहेत आणि डोक्यात गोंधळ आहे. गेले आठ दिवस माझ्या बाबतीत जे चाललंय ते मला नीटसं समजलेलं नाही. तुला लिहिता लिहिता समजेल अशी आशा आहे. लहानपणी गणित अडलं की मी ते तुला मोठ्याने समजावून सांगायचो आणि सांगता सांगता चूक सापडायची (तुला गणित येत नव्हतं, तरीही), तसंच हे आहे असं समज आणि शेवटपर्यंत वाच.

कारखान्याच्या मालकांनी मला शेवयांचं यंत्र देऊन इकडे पाठवलं हे तुला ठाऊकच आहे. मालकांचं म्हणणं असं की, विदर्भातल्या बायका अजून शेवया हाताने करतात, म्हणजे बाजार मोकळा आहे. माझं म्हणणं असं की, अजून हाताने करतात म्हणजे त्यांना यंत्र नको आहे. पण पगार त्यांचा असल्यामुळे त्यांचं म्हणणं खरं ठरलं, आणि सहा किलोचं लोखंड पिशवीत घालून मी गेल्या बुधवारी नागपुरास उतरलो. उतरल्याबरोबर लॉजचे मॅनेजर गिरिधरजी यांनी (इथे प्रत्येकाच्या नावाला 'जी' लावतात, मला कोणी 'दिगंबरजी' म्हटलं की मी मागे वळून बघतो, कोण मोठं माणूस आलं म्हणून) माझ्या हातात एक कांदा दिला. मी तो धुऊन, मीठ मागून खाल्ला. तर तो खायचा नव्हता, उन्हात फिरताना खिशात ठेवायचा होता, लू लागत नाही म्हणे. त्यांनी दुसरा दिला. तिथूनच माझ्या लक्षात यायला हवं होतं की या गावात समोर आलेली प्रत्येक खायची वस्तू आपल्याला खाण्यासाठीच दिलेली असते असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरच्या गाडीवर पोहे मागितले. आपले साधे पोहे, वर खोबरं-कोथिंबीर, असा माझा हिशेब. त्या गृहस्थाने पोहे दिले ते बरोबर दिले, आणि मग एका मोठ्या पातेल्यातून हरभऱ्याचा लालभडक रस्सा डावाने उचलून त्यावर ओतला. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्या ताटातलं माझ्या ताटात पडलं. मी तसं सांगितलं. त्याने सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक डाव ओतला. याला तर्री म्हणतात. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला तुझी आठवण झाली, आणि चौथ्यानंतर मी आणखी एक प्लेट मागितली. आक्का, हे मला पटत नाही पण कबूल करतो, की आपल्याकडचे पोहे आता मला आजाऱ्याच्या पथ्याचे वाटायला लागले आहेत. सकाळी सात वाजता माणसं इतकं तिखट खाऊन शांतपणे कचेरीत कशी जातात हे मात्र कोडंच आहे.

त्याच दिवशी सदर भागात यंत्र दाखवायला गेलो असताना एक हातगाडी दिसली. मोठी काळी कढई, खाली धडाडणारा स्टोव्ह, आणि कढईत काय, तर शेवया! पाटीवर 'चाऊमीन' लिहिलेलं. म्हटलं, आपल्या धंद्यातलाच माणूस भेटला. यंत्र पिशवीतून काढून त्याला दाखवलं, हँडल फिरवून दाखवलं. तो म्हणाला, शेवया मला तयार पाकिटातून येतात, तुम्ही खाणार असाल तर सांगा. मी प्लेट घेतली. आता शेवया म्हटल्यावर त्या कशाशी खायच्या हे काय शिकवायला हवं? शेजारच्या चहावाल्याकडून कपभर दूध घेतलं, दोन चमचे साखर घेतली आणि प्लेटमध्ये कालवलं. (तू आता कपाळाला हात लावला असशील, पण मला कोण सांगणार?) त्या शेवयांत कोबी होता, ढोबळी मिरची होती आणि कसलंसं काळं आंबट पाणी होतं. दूध जागच्या जागी फाटलं. गाडीवाल्याचं उलथनं हातातल्या हातात थांबलं. चार कॉलेजची मुलं खायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. आता टाकावं तर अन्नाचा अपमान, आणि तू लहानपणी पानात टाकलं म्हणून मला दिलेली चापट मी विसरलेलो नाही. सगळं खाल्लं. निम्म्याच्या पुढे बरं लागायला लागलं, हे फक्त तुलाच सांगतोय.

ही हकिकत मी लॉजवर गिरिधरजींना सांगितली ती चूक झाली, कारण ते इतके हसले की कॉलराची लस टोचायला आलेली माणसं चौकशी करून गेली. मग डोळे पुसून म्हणाले, शेवयाच खायच्या तर इथले सरगुंडे खा. प्रताप नगरात एका गल्लीत कडुनिंबाखाली एक बाई उन्हाळाभर ते करून विकते; खाटेवर बसायचं, ताट मागायचं, आमरसाबरोबर खायचं. सरगुंडे म्हणजे काय ते तुला सांगतो, कारण आपल्याकडे हा प्रकार नाही. कणकेची दोऱ्यासारखी बारीक वळी करायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची, काडी अलगद ओढून काढायची आणि उरलेली पोकळ वेटोळी वाळवायची. नंतर ती उकडायची. ज्याने हा पदार्थ शोधून काढला त्याला दुपारी दुसरं काही काम नसणार, असं मला आधी वाटलं होतं.

शुक्रवारी दहा वाजता मी प्रताप नगरात पोचलो. गल्ली सापडली, कडुनिंब सापडला, खाली दोन खाटा. एका खाटेवर पाच-सहा बाया काड्यांवर कणीक गुंडाळत बसलेल्या, बाजूला चुलीवर पातेलं, पातेल्यात उकळतंय. दुसरी खाट रिकामी, तिच्यावर स्वच्छ चादर आणि समोर स्टुलावर मोकळी ताट-वाटी मांडलेली. गिऱ्हाइकाची इतकी छान सोय मी सांगली स्टँडवरसुद्धा पाहिलेली नाही. मी टोपी काढली, रिकाम्या खाटेवर मांडी ठोकली आणि म्हणालो, एक ताट लावा, आणि रस जरा हात सैल सोडून वाढा. बायांमधली एक निळ्या लुगड्यातली बाई पदर तोंडाला लावून घाईने घरात गेली. मला वाटलं, रस आणायला गेली.

मग त्या सगळ्यांत वडीलधारी, हातभर बांगड्या आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू असलेली बाई उठली. हिचं नाव पंचफुलाबाई. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत गेलेल्या बाईकडे पाहिलं, आतून काहीतरी खूण आली असावी, आणि मग म्हणाली, "बसा जी भाऊ. एवढ्या उन्हाचे काहून हिंडून राहिले?" आणि तिने ताट वाढलं. आक्का, काय सांगू तुला. ती वेटोळी तोंडात गेली की आधी रस सुटतो, मग कणीक; म्हणजे रस नुसता वरून लागत नाही, आत शिरून बसलेला असतो. मी तीन वेळा मागून घेतलं. पाणी द्यायला एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी होती, सारखी हसायची. तिला मी म्हटलं, बाई, कामात लक्ष दे, तांब्या अर्धाच भरला आहेस, आणि स्टूलही पूस. तिने मुकाट्याने पुसलं. निघताना बिल विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ओसरीवर एक गृहस्थ पेपर वाचत होते, त्यांना सगळे नानाजी म्हणत होते. मला ते मालक वाटले. त्यांच्यापाशी पैशांचं काढलं तर हात जोडून म्हणाले, राहू द्या जी. मी समजलो, पहिल्या दिवशी फुकट चारून गिऱ्हाईक बांधून ठेवायची इथली रीत असेल. दुकान चांगलं आहे पण पाटी नाही, पाटी लावा, असा सल्ला देऊन मी निघालो. ते हो जी म्हणाले.

शनिवारी पुन्हा गेलो. तीच खाट, तीच चादर, तेच मांडलेलं ताट. म्हटलं, आता ही आपली नेहमीची जागा झाली. त्या दिवशी मी मीठ कमी आहे अशी तक्रार केली. पंचफुलाबाईंनी मीठ दिलं. नानाजींना मी बसल्या बसल्या धंद्याच्या चार गोष्टी सांगितल्या, की उधार देऊ नका, मुलीला थोडी शिस्त लावा, ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसते. ते म्हणाले, ते तर आता सासरीच लागन जी तिले शिस्त. मला त्यांचं बोलणं कळलं नाही, पण मालक माणूस विनोदी आहे असं वाटलं. पैसे त्याही दिवशी घेतले नाहीत. माझा गोंधळ इथून सुरू झाला. तीस वर्षं दारोदार माल विकणाऱ्या माणसाला न विकणारं दुकान बघवत नाही गं.

रविवारी मी लॉजवरच्या दोघांना बरोबर नेलं. एक औषधांचा एजंट आणि एक विम्याचा. (अशी जागा एकट्याने खाणं पाप आहे, हे तुझंच वाक्य.) मी त्यांना मोठ्या दिमाखात म्हटलं, या, हे आपलं दुकान. विम्यावाल्याने पाच वेळा घेतलं. एजंटाला गोड चालत नाही म्हणून त्याने तिखट मागितलं, तर पंचफुलाबाईंनी शेजारच्या घरून त्याच्यासाठी झुणका आणून दिला. आत निळ्या लुगड्यातली बाई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात ताटली होती, पण ती पुढे येत नव्हती. मी तिला उगाच नमस्कार केला. तिनेही केला.

सोमवारी गेलो तर घरापुढे बांबू रोवून मांडव घालत होते. मला मनापासून आनंद झाला. नानाजींच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, वा, ऐकलंत तर माझं, वाढवलंत दुकान. नानाजी खाली बघायला लागले. पाणी देणारी ती मुलगी मात्र या वेळी हसली नाही. हातातला तांब्या खाली ठेवून हळूच म्हणाली,

"काका, हे दुकान नाही जी. माझं लगन आहे."

मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, म्हणजे ऐकू आलं पण आत शिरलं नाही. मग सगळं एकदम शिरलं. ती मुलगी, जिला मी स्टूल पुसायला लावलं, ती गोपिका, सत्तावीस तारखेची नवरी. नानाजी तिचे वडील. निळ्या लुगड्यातल्या सिंधूताई तिची आई. त्या बाया शेजारच्या, लग्नाच्या पंगतीचे सरगुंडे वळायला हौसेने जमलेल्या. आणि गिरिधरजींनी सांगितलेलं दुकान तीन गल्ल्या पुढे, दुसऱ्या कडुनिंबाखाली. (नंतर मी तिथेही जाऊन आलो. तिथले चिकट होते.) तीन दिवस मी, आणि रविवारी एक औषधांचा एजंट आणि एक विम्याचा, असं तिघांनी मिळून एका मुलीच्या लग्नाची पहिली पंगत खाल्ली होती, आणि वर मीठ कमी म्हणून सुनावलं होतं. घरच्या कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण दारात येऊन बसलेल्या माणसाला, ताट मागितल्यावर, तुम्ही कोण असं विचारायची त्यांच्याकडे रीत नाही. आक्का, शरम म्हणजे काय ते मला सोमवारी कळलं. मी पाकीट काढलं तर नानाजी दोन पावलं मागे सरले आणि सिंधूताई पुन्हा आत गेल्या. मी त्यांना आणखी दुखावलं एवढंच समजलं, कशाने ते समजलं नाही.

म्हटलं, पैसे घेत नाहीत तर सरगुंडे परत करू. सायकलरिक्षाने लॉजवर गेलो, यंत्र आणलं, खाटेच्या पट्टीला आवळून बसवलं आणि अर्ध्या तासात दोन किलो कणकेच्या शेवया पाडून दाखवल्या. आयुष्यात इतकं चांगलं प्रात्यक्षिक मी दिलेलं नाही. पंचफुलाबाईंनी त्यातली एक शेवई दोन बोटांत धरून उन्हाकडे पाहिलं आणि विचारलं, "याले भोक कुठी आहे?" मी म्हटलं, भोक कशाला हवं? त्या म्हणाल्या, रस कुठे बसेल मग? यावर आमच्या कारखान्याच्या माहितीपत्रकात काहीही उत्तर दिलेलं नाही. यंत्र खाटेखाली गेलं, माझ्या हातात काडी आली, आणि सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस मी बायांच्या घोळक्यात बसून सरगुंडे वळले. पहिल्या दिवशीचे माझे सरगुंडे पंचफुलाबाईंनी म्हशीसाठी वेगळे काढून ठेवले. दुसऱ्या दिवशीचे लहान मुलांना वाटले. कालचे मात्र त्यांनी मोठ्या सुपात टाकले. बोटांचे फोड ते हेच.

आता खरं अडलेलं गणित. काल वळता वळता मी पंचफुलाबाईंना विचारलं की, दुकान नव्हतं, तर दुसऱ्या खाटेवर रोज चादर घालून ताट कोणासाठी मांडून ठेवत होता? तेव्हा त्यांनी सांगितलं. यांच्या घरात लग्नाचे सरगुंडे वळायला घेतले की रोज मूठभर उकडून बघतात, फुटतात की टिकतात. ते पहिलं ताट नवरीच्या मामाचं. त्याने खाऊन जमले म्हणायचं, मग पुढचे वळायचे. गोपिकेला सख्खा मामा एकच, सिंधूताईंचा पाठचा भाऊ. तो सावनेरकडे खाणीत कामाला होता आणि दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. चुलत मामा दोन आहेत, पण सिंधूताईंनी निक्षून सांगितलं होतं की, ताट रोज मांडायचं, खाट रिकामी ठेवायची, आणि लग्नातही नवरीच्या पाठीशी मामाची जागा रिकामीच राहू द्यायची. तिथे मी जाऊन मांडी ठोकली. त्यांचा भाऊही म्हणे असाच यायचा, टोपी काढायचा आणि कोणाला काही न विचारता रस सैल हाताने वाढा म्हणायचा. पहिल्या दिवशी त्या आत रडायला गेल्या होत्या. आणि बसलेल्याला उठवू नका, खाऊ द्या, अशी खूण त्यांनीच आतून केली होती.

हे सांगून झाल्यावर पंचफुलाबाईंनी हातातली काडी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला. "मामाचं ताट तुम्ही खाल्लं न जी? तीन दिस खाल्लं. मंग मामाचं काम कोन करन?"

मी नाही म्हणालो. तुला खरं सांगतो, घाबरून नाही म्हणालो. मी परक्या मुलखातला, आठ दिवसांपूर्वी ही माणसं कोण हे मला ठाऊक नव्हतं. आणि नवरीच्या पाठीशी उभं राहायचं तर पाठीशी उभं राहण्यासारखं काहीतरी आपल्यापाशी असावं लागतं. तुला तिन्ही मुलगेच झाले, मला तर कोणीच नाही, आणि ही जाऊन तीन वर्षं झाली. भाच्यांच्या मुंजीत मामा म्हणून मिरवलो, पण नवरीला धरून मांडवात आणायचं काम मला कधी आलंच नाही, ते येतही नाही. नेमका त्या दिवशी पाय अडखळला तर? मी म्हटलं, शनिवारी मला वर्ध्याला जायचं आहे, कारखान्याचं काम आहे. कोणी आग्रह केला नाही. गोपिकेने पाणी आणून दिलं, तांब्या काठोकाठ भरलेला. मी नीट वागलो असं तुला वाटतं ना? मलाही काल तसंच वाटलं होतं. व्यवहारी माणसाने असंच वागावं. आज शेवटचा निरोप घेईन आणि शनिवारच्या गाडीने निघेन. यंत्र एकही विकलं गेलं नाही, हे मालकांना तुझ्या बाजूने कळू देऊ नकोस. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीला चार घास जास्त.

तुझा गोंधळलेला भाऊ,
दिगू

ता. क. पाकीट डिंकाने चिकटवून झालं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. निरोप घ्यायला प्रताप नगरात गेलो. खाट तिथेच होती, चादर होती, ताट मात्र उचलून ठेवलेलं होतं. मी उभाच राहिलो. सिंधूताई बाहेर आल्या. इतक्या दिवसांत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदर सावरून म्हणाल्या, "तुम्ही आपल्याच मनानं त्याच्या जागी बसले न जी भाऊ. मी नाही बसवलं." एवढंच म्हणाल्या. मी टोपी काढली आणि खाटेवर बसलो. वर्ध्याला आता जून महिन्यात जाईन.

ता. क. दुसरा. खरं काम हे. माझ्या खोलीची किल्ली दत्ताच्या तसबिरीमागे आहे. पलंगाखालची पत्र्याची पेटी उघड. मी ती तीन वर्षांत उघडलेली नाही, बिजागरी कुरकुरेल. तळाशी पिवळी साडी आहे, लाल काठाची. भालूच्या वेळी तू अवघडलेली असताना या खेपेला मुलगीच होणार म्हणून हिने इचलकरंजीहून आणलेली, मामाची साडी आत्तापासूनच घेऊन ठेवते म्हणून. पुढे भालू झाला आणि भालूला काही ती नेसवता आली नाही. दरवर्षी होळी झाली की ही ती साडी उन्हात घालायची, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा घडी करायची, आणि आपण दोघं तिला हसायचो. मी तरी आता हसणार नाही. ती काढ.

ता. क. तिसरा. पोस्टात विचारलं तर सत्तावीसच्या आत पार्सल पोचेल असं कोणी छातीठोक सांगत नाही. तेव्हा साडी तूच घेऊन ये. मिरजेहून थेट गाडी आहे, भालू बसवून देईल. पत्ता: नानाजी यांचं घर, कडुनिंबाची गल्ली, प्रताप नगर, नागपूर (तीन गल्ल्या पुढच्या कडुनिंबाखाली बसू नकोस). मला थोरली बहीण आहे असं मी बोलता बोलता बोलून गेलो. त्यावर पंचफुलाबाई म्हणाल्या की, मामाची बहीण म्हणजे मुलीची मावशी, आणि मावशीशिवाय नवरीला हळद कशी लागणार? तू कोण, कुठली, गुडघा दुखतो का, हे कोणी विचारलंच नाही. घरात जाऊन आलो तर माझ्या खाटेशेजारी आणखी एक खाट टाकलेली, तिच्यावर धुतलेली चादर, आणि समोर स्टुलावर मोकळं ताट.